बिरसीवालीचं नाव

अर्जुनी मोरगावात मी ज्या घरात भाड्याने राहते, त्या घराची मालकीण बिरसीवाली. खोली शोधायला आले तेव्हा नाक्यावरच्या किराणा दुकानदाराने, छोटेलालने, बोट दाखवून सांगितलं होतं, "वो बिरसीवाली के यहाँ पूछो म्याडम, सामने का कमरा खाली है." मला वाटलं आडनाव असेल. दारात जाऊन मी "बिरसीवाली बाई आहेत का?" असं अगदी अदबीने विचारलं. आतून एक उंच, वाळकी म्हातारी बाहेर आली आणि तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"काऊन? कोठच्या तुमी?"

मी म्हटलं, भंडाऱ्याची, पण आत्ता नागपूरहून आले. त्या दिवसापासून मी या गल्लीत नागपूरवाली म्याडम आहे. नागपूरला मी फक्त बी.एड. केलं, तेही रडतखडत. हे माझं इथे जवळजवळ प्रत्येकाला सांगून झालं आहे, काहींना चिडून सांगून झालं आहे. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि पुढच्या वाक्यात पुन्हा नागपूरवाली म्हणतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. शब्दाच्या शेवटी लागलेलं शेपूट त्या शब्दाचं काय करतं, हे मी मुलांना फळ्यावर समजावून सांगते, आणि मला स्वतःला चिकटलेलं शेपूट काही काढता येत नाही.

बिरसीवाली एकटी राहायची. नवरा केवळराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी दुर्गेश्वरी भिलाईला दिलेली. धानाची शेती ठेक्याने दिलेली. पुढची खोली माझी, मधली तिची, मागे परसात वांगी आणि वालाच्या शेंगांचा मांडव. दुपारी उंबऱ्यात बसून ती सुपात तांदूळ निवडायची. एकटीला किती तांदूळ लागतो? पण ती निवडायची मात्र चार माणसांचा. येणारे जाणारे विचारायचे, "काय वो बिरसीवाली, जेवली का?" ती म्हणायची, "जेवली." विचारणारा तोवर पुढे गेलेला असायचा.

तिचं नाव धुरपता आहे हे मला कळलं ते तिच्या भावामुळे.

रोज दिवेलागणीला तिचा बटणांचा फोन वाजायचा. भाऊ बिसराम, तिच्याहून थोडा लहान, बिरसीला राहायचा. बिरसी म्हणजे गोंदियाजवळचं ते विमानतळाचं गाव. त्याच्या घरात रेंज नव्हती, म्हणून तो शेताच्या बांधावर जाऊन बोलायचा, आणि बांधावर उभा राहिलेला माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितक्या मोठ्याने बोलायचा. तिचा फोन कानापासून वीतभर लांब. मधे भिंत असून मला सगळं ऐकू यायचं.

"धुरपता! जेवली का वो?"

"जेवली ना रे. तू?"

"धुरपता, आयक, आयक!" आणि तो फोन आभाळाकडे धरायचा. बिरसीला पायलट व्हायची शाळा आहे. शिकाऊ विमानं धानाच्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर, घिरट्या घालतात. त्या घरघरीतून बिसरामचा आवाज यायचा, "पोट्टं सकारपासून विमान उतरवून राहिलं. जमूनच नाही राहिलं त्याले!" यावर ती हसायची. तिचं हसणं मी तोवर त्या फोनशिवाय कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यासाठी मीसुद्धा संध्याकाळी उगाच दारात रेंगाळायचे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

एकदा मी तिला विचारलं, "आजी, तुमचं नाव धुरपता आहे, मग सगळे बिरसीवाली का म्हणतात?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "सुनेले नावानं कोन मनते म्याडम? लगन होऊन आली, सासू मनाली, बिरसीवाली, पानी आन. आनलं. झालं."

इकडे तसंच आहे. सून घरात आली की तिचं नाव वेशीबाहेर राहतं. तिच्या माहेरच्या गावाला वाली लावायचं आणि हाक मारायची. सासरा मारतो, दीर मारतो, जावा मारतात, मग गल्ली मारते. नवऱ्याने तिला काहीच म्हटलं नाही. तो नुसतं "अवो" म्हणायचा, आणि मुलगी झाल्यावर "दुर्गेश्वरीची माय". बँकेत तेवढं नाव पुकारतात, पण तेही "धुरपता केवळराम" असं नवऱ्याला जोडून, पासबुक काउंटरवर सरकवत. मुलगी माय म्हणते, मी आजी म्हणते. तिच्या मैत्रिणी गेल्या, आई केव्हाच गेली. नुसतं धुरपता म्हणणारा माणूस उभ्या जगात एकच उरला होता, आणि तो बांधावर उभा राहून बोंबलायचा.

त्याच सुमारास वर्गात प्रत्ययांचा धडा होता. एरवी त्या धड्याला मुलं जांभया देतात. मी म्हटलं, पुस्तक ठेवा बाजूला, तुमच्या घरातल्या बायांना काय म्हणतात ते सांगा. डिंपल नावाची मुलगी छत्तीसगढी बोलणाऱ्या घरातली. ती म्हणाली, "आमच्याकडे हिन लावतात म्याडम. माझ्या आईला रायपूरहिन म्हणतात." पोवारी घरातल्या मुलांनी वालीच सांगितलं. एकाने हिंदीतून जेठानी, देवरानी, पंडिताइन आणलं, दुसऱ्याने मराठीतलं पाटलीण, मास्तरीण. फळा भरला. मास्तर शाळेत शिकवतो. त्याला ईण लावली की जी तयार होते ती बहुतेक वेळा त्याचा डबा भरते. गाव सोडून गेलेल्या पुरुषाला मराठीत कर लागतो आणि तो ऐटीत पाटीवर लिहितो. इंग्रजीत लंडनला अर लावला की बाई असो की बाप्या, लंडनचाच होतो. आणि वाला? दूधवाल्याकडे दूध असतं, टांगेवाल्याकडे टांगा असतो, घरवाल्याचं घर असतं. बिरसीवालीचं बिरसीत काय आहे, असं मी फळ्याकडे तोंड करून विचारलं. मुलांना वाटलं प्रश्न परीक्षेला येणार, म्हणून त्यांनी तो लिहून घेतला.

उन्हाळ्यात शेजारच्या घरात लग्न झालं. ते घर तिच्याच दिराचं. दिराच्या नातवाने, रोशनने, मुलगी केली ती नेमकी बिरसीची. आचल तिचं नाव. म्हातारीला कोण आनंद! "माह्या गावची पोरगी येऊन राहिली," असं छोटेलालपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. वरात आली तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे उभी होती.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून रोशनच्या आईने, सुमित्राबाईने, हाक मारली, "बिरसीवाली! पानी तापलं का?" म्हातारी चुलीपुढून लगबगीने उठली, भिंतीशी गेली, "काय वो? कोनतं पानी?" पलीकडे सगळे हसले. "तुमाले नाही काकी. सुनेले मनलं." तीही हसली. पण हळूहळू गल्लीत बिरसीवाली म्हणजे आचल झाली, आणि ही झाली बुढी बिरसीवाली. मग काही जण नुसतंच बुढी म्हणायला लागले. मी सुमित्राबाईला फणकाऱ्याने विचारलं, "सुनेचं नाव आचल आहे ना? मग?" ती म्हणाली, "नाव त लय चांगलं आहे म्याडम. पन घरात कोन घेते?"

म्हातारीने तक्रार केली नाही. न मागता मिळालेलं जे नाव आयुष्यभर वागवलं, तेही काढून घेतल्यावर माणसाने तक्रार तरी कशाची करायची? संध्याकाळी फोन वाजायचा तेवढा पुरत होता.

पोळा झाला आणि फोन वाजायचा बंद झाला. तिने एकदोन दिवस वाट पाहिली. मग बिसरामच्या मुलाचा, उमेंद्रचा, फोन आला. मी शेजारीच बसले होते.

"फुफू, बाबूजीले लकवा मारला. गोंदियाले दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आनलं. उजवी बाजू गेली."

"बोलते का?"

"नाही बोलत. बरडते काहीबाही. समजत नाही."

"मले ओरखन का?"

"काय मालूम फुफू. कोनाले ओरखते, काय ओरखते."

तिने फोन ठेवला आणि सुपात तांदूळ घेतला. मी म्हटलं, आजी, उद्याच जाऊ, मी रजा टाकते. ती म्हणाली, "न्यायले येतीन त जाईन." माहेरी जायचं तर माहेरचं माणूस न्यायला आलं पाहिजे, हा इथला रिवाज. दर वर्षी दिवाळीत बिसराम स्वतः गाडीने यायचा, जेवायचा आणि तिला घेऊन जायचा. न बोलावता माहेरी गेलेली बाई म्हणजे भांडून आलेली, असा लोकांचा समज. हे मला ठाऊक होतं, तरी माझा पारा चढला. "अहो, ज्याने न्यायला यायचं तोच खाटेवर पडलाय! आता बोलावणं कोण धाडणार?"

"तेच त मनून राहिली मी," ती म्हणाली. "कोन बोलावन मले आता?"

मला वाटलं हट्ट आहे. माझ्या डोक्यात राख गेली की मला समोरच्याचं दुसरं काही दिसत नाही. मी दर चार-आठ दिवसांनी विषय काढायचे, ती दर वेळी तेच म्हणायची. धान कापणीला आलं, दिवाळी आली. भाऊबीजेला तिने ओवाळायचं ताट घासून लख्ख केलं आणि पुन्हा फळीवर ठेवून दिलं. दुर्गेश्वरी भिलाईहून दोन दिवस येऊन गेली. तिनेही समजावलं. माय मानेना, आणि तिला परत जायची घाई होती. मंडईची जत्रा झाली, गावात नाटक झालं, तळ्याकाठी पाखरं उतरली. म्हातारी संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसायची. तिने एकदा स्वतः बिसरामचा नंबर लावला. फोन बंद होता. बंद फोनवरची ती बाई हिंदीत आणि मराठीत बोलून थांबेपर्यंत तिने सगळं ऐकून घेतलं.

अशाच एका संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली. आत या म्हटलं तर येईना. चौकट धरून उभी राहिली.

"म्याडम, एक काम करता का माह्यं?"

"सांगा ना आजी."

"मले नावानं हाक मारून पाहा."

मी म्हटलं, त्यात काय. "धुरपताबाई."

"बाई नको."

मी तोंड उघडलं. एवढ्या मोठ्या बाईला, जिच्या हातची भाजी मी रोज खाते, जिला मी आजी म्हणते, तिला नुसतं नाव घेऊन हाक मारायची. "धुरपता," मी म्हटलं. वर्गात हजेरी घेताना म्हणते तसं ते निघालं. मी पुन्हा म्हटलं. या वेळी अगदीच उद्धट वाटलं. तिसऱ्यांदा माझा आवाजच चढेना. शब्दांवर पोट भरणारी मी, आणि मला एक नाव धड उच्चारता आलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपणच काहीतरी भलतं मागून बसलो.

"नाही जमत तुमाले," ती म्हणाली, रागाने नव्हे. "जाऊ द्या."

मग ती चौकटीपाशीच खाली बसली आणि बोलली. न्यायला येण्याचा रिवाज वगैरे सगळं खरं होतं, पण ते निमित्त होतं. तिला भीती वाटत होती. तिकडे जायचं, खाटेशी उभं राहायचं, आणि त्याने आपल्याकडे पाहून काहीच म्हणायचं नाही. मग ते नाव संपलं. इथे बसून राहिलं तर अजून तो बांधावर आहे, फोन लागत नाही एवढंच, असं धरून चालता येतं. "तो नाही बोलला, त मी कोन होय मंग?" असं तिने विचारलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पोळ्यापासून मी या बाईला हट्टी म्हणत होते. मी म्हटलं, "आजी, तो नाही बोलला तरी तुम्ही त्याच्याशी बोला. उद्या निघू." या वेळी ती नाही म्हणाली नाही.

सकाळच्या गाडीने आम्ही गोंदियाला निघालो. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि परसातल्या वालाच्या शेंगा पिशवीत घेतल्या होत्या. धान कापून झालेल्या बांध्या रित्या पडल्या होत्या. सौंदड गेल्यावर ती बोलायला लागली. बिसराम लहान असताना धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आई चिखलात आणि ही त्याला कडेवर घेऊन बांधावर. मोठ्या बहिणीला बाई म्हणावं म्हणून आईने त्याला दटावलं, बापाने कान पिळला. पोरगं ऐकेना. "मार खाये, पन बाई नाही मने. धुरपताच मने." आणि तिला ते आवडायचं, म्हणून ती त्याला चोरून गूळ द्यायची. हे सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती.

गोंदियाहून ऑटो केला. बिरसीत उतरून आम्ही गल्लीत शिरलो. मला वाटत होतं, निदान इथे तरी ही धुरपता असेल. हे तिचं गाव, इथे ती जन्मली. कोपऱ्यावरच्या घरातून एक बाई डोकावली, तिने ओळखलं आणि पुढच्या घराकडे तोंड करून ओरडली, "मोरगाववाली आली वो! लांजीवाली, पानी आन पायावर!"

मी चालता चालता थांबले. मोरगावात ही बिरसीवाली, आणि बिरसीत ही मोरगाववाली. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरचे सासरच्या गावाने ओळखतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जिथे जाईल तिथे तिच्या नावात दुसरंच गाव. म्हणजे ही बाई आयुष्यभर कुठेच इथली नव्हती. मला इतका राग आला की तो कोणावर काढावा ते समजेना. ती मात्र सवयीने पुढे गेली आणि पाय धुवायला उभी राहिली.

पाणी घेऊन आलेली लांजीवाली म्हणजे उमेंद्रची सून. विशीतली, अंगात स्वेटर, चेहरा हसरा. मी मुद्दाम तिचं नाव विचारलं. "नीतू," ती दबक्या आवाजात म्हणाली, आणि सासूने ऐकलं नाही ना म्हणून मागे पाहिलं.

अंगणात उन्हाला खाट टाकलेली होती. त्यावर बिसराम. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं, आणि त्या आवाजावरून मी जो दांडगा माणूस मनात धरला होता, त्याचा इथे पत्ताच नव्हता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात पोटावर ठेवून दिलेला. म्हातारी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट केला. त्याने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ती वाट पाहत होती. मीही पाहत होते. शेवटी तिने त्याच्या पायावरची चादर सारखी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "नाही बोलत."

ती जाऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसली, परक्या घरी बसावं तशी. वालाच्या शेंगांची पिशवी मांडीवरच.

मला तिथे थांबवेना. मी स्वयंपाकघराच्या दाराशी नीतूकडे गेले. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "अजिबातच बोलत नाहीत का?"

"आता नाही, म्याडम. पहिले एक शब्द बोलत होते." नीतू चहाचं आधण ठेवता ठेवता सांगू लागली. "पाणी पाहिजे तरी तोच, कूस बदलायची तरी तोच, गाय सुटली तरी तोच. दिनभर. धुरपता, धुरपता."

मी ओसरीकडे पाहिलं. म्हातारीने मान आमच्याकडे वळवली होती.

"आम्ही सगळ्यांना विचारलं, ही धुरपता कोन? घरात कोनालाच मालूम नाही. मग पलीकडच्या टोलीवर एक धुरपताबाई आहे, तिला बोलावलं. बिचारी आली, समोर बसली. बाबूजीनं तोंडच फिरवलं. ती चाय पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिची पोरं भांडायला आली, के हा बुढा आमच्या मायचं नाव कायले घेऊन राहिला? गावात हसू झालं. मग बाबूजी बोलायला लागले की सगळे त्यांना चूप करायचे. मीसुद्धा करत होती." नीतूचा आवाज बारीक झाला. "दिवाळीपर्यंत बोलले. मग बंदच झालं."

उमेंद्र त्याच वेळी शेतातून आला होता. पन्नाशीचा, दमलेला, भला माणूस. म्हातारी खांब धरून उठली. शेंगांची पिशवी मांडीवरून खाली पडली, तिकडे तिने पाहिलं नाही.

"धुरपता मी होय," ती म्हणाली.

उमेंद्रने डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. "फुफू," त्याने खरोखरच विचारलं, "तुमचं नाव धुरपता आहे?"

त्याचा तरी काय दोष? तो जन्मला तेव्हा ती मोरगाववाली होऊन गेलेली होती. लग्नाच्या पत्रिकांवर तिच्या नवऱ्याचं नाव छापलं जायचं, घरात मोरगाववाली फुफू म्हटलं जायचं, आणि बिसराम तिला हाक मारायचा ती लांब, बांधावर उभा राहून. त्याचा बाप दिवाळीपर्यंत एका माणसाला बोलावत होता, आणि ते माणूस कोण हे त्या भरल्या घरात कोणालाही ठाऊक नव्हतं. ती तिकडे बोलावणं येत नाही म्हणून बसून होती. मला वाटलं, ही आता किंचाळेल, या सगळ्यांना शिव्या घालेल. मी घातल्या असत्या.

तिने उमेंद्रला उत्तर दिलं नाही. ती खाटेपाशी गेली, काठावर बसली आणि बिसरामचा तो गेलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे वर आभाळाकडे होते. ती त्याच्या कानाशी वाकली.

"ओ," ती म्हणाली.

तो हलला नाही. तिने डोळे पुसले, पाठ सरळ केली, आणि लांबच्या बांधावरून आईने हाक मारल्यावर पोर ओरडून उत्तर देते तशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती पुन्हा म्हणाली, "ओ, बिसराम! ओ!"